अंगठा सरकेपर्यंत

"पहिले नंबरनी छाप ले, त्यावर साहेबनी सही ले, मंग पाना लाव."

सुकदेव आबा, म्हणजे माझे सासरे, मला हे एकदा नाही, तीनदा म्हणाले होते. अहिराणीत म्हणाले, म्हणजे मनापासून म्हणाले. नुसता हुकूम सोडायचा असला की ते हिंदीत बोलत. सतरा वर्षं फौजेत ट्रक चालवलेला माणूस. घरात गॅसचा सिलेंडर आला तरी त्याचा नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवायचे आणि रिकामा परत जाताना ताडून बघायचे. त्यामुळे मला हसू आलं. ट्रकचा चासी नंबर लिलावाच्या कागदावर टाइप केलेला होता. तो कागद माझ्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, हर्षदाच्या लसीच्या कार्डाशेजारी होता. त्यात त्या दिवशी हर्षदाचा कान दुखत होता. मी म्हटलं, आबा, नंबर काय लोखंडावरून पळून जाणार आहे का.

गेला. चौथ्या महिन्यात गेला, आणि त्याला घालवणारी मीच होते.

साल सत्त्याण्णव. आम्ही गुजरातेत, डिंडोलीत राहत होतो. माझे मिस्टर, पंडित, कामरेजच्या चोकडीवर, म्हणजे चौकात, एका गॅरेजमध्ये आठ वर्षं मिस्त्री होते. समोर हायवे. रोज एखादा भरलेला ट्रक बंद पडायचा, नाहीतर खड्ड्यात उतरायचा, आणि क्रेन येईपर्यंत ड्रायव्हर अर्धा दिवस उन्हात बसायचा. पंडितच्या डोक्यात तेव्हापासून एकच होतं. फौजेनं निकामी ठरवलेला ट्रक लिलावात घ्यायचा, दुरुस्त करायचा, मागे क्रेन बसवायची आणि त्याच चोकडीवर उभा करायचा. गॅरेजच्या मालकानं जागा विकली, नोकरी गेली, आणि डोक्यातलं दारात आलं. आमच्याजवळ जे होतं ते सगळं त्या लोखंडात गेलं. एवढ्यावरून समजून घ्या.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री, अमळनेरची. लग्नानंतर त्या केमिस्ट्रीचा उपयोग डाग काढण्यापलीकडे झाला नव्हता. पण एक खोड मात्र लागली होती, सगळीकडे आधी धोका दिसायचा. चौऱ्याण्णवला, प्लेगच्या वर्षी, हर्षदा माझ्या पोटात होती आणि आम्ही तोंडाला रुमाल बांधून गावाकडे पळालो होतो. तेव्हापासून मला प्रत्येक वस्तूची फक्त धार दिसते. प्लगची भोकं, बादलीतलं पाणी, जिन्याची शेवटची पायरी. पंडित म्हणायचे, तुला चौकीदार ठेवलं असतं तर मिलमध्ये चोऱ्या थांबल्या असत्या.

ट्रक दुसऱ्या ट्रेलरवर बसून आला. घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये उतरवला तेव्हा अर्धी गल्ली जमली. शेजारच्या कमलमावशी पदर खांद्यावर घेत म्हणाल्या की लोक घरात सोफा आणतात, तुम्ही रणगाडा आणला. टायर बसलेले, काचा नाहीत, सीटमध्ये चिमण्यांची घरटी. लिलावाच्या कागदावर 'ट्रक, पाच टन' आणि खाली नंबर, बस्स. कुठला, कधीचा, काय काय सोसून आलेला, काही नाही; मागच्या पानावर नुसते शिक्के आणि आकडे, ते कोणी वाचले नाहीत.

ते आबांनी सांगितलं. दाढीचं जुनं पातं घेऊन त्यांनी दारावर तळहाताएवढी खिडकी कोरली. वरचा हिरवा रंग खरवडला, तर खाली वाळूचा पिवळा. पिवळ्याखाली पुन्हा हिरवा. मला जवळ बोलावून दाखवलं. पिवळा म्हणजे राजस्थान; वाळवंटात जाताना गाडीला वाळूचा रंग देतात, परत आली की पुन्हा हिरवी करतात. मी रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन कॅबिनच्या आत बसले. मला घाण दिसली की हात थांबत नाही. ग्रीसच्या बोटभर थराखाली एक पितळी पट्टी निघाली. तिच्यावर 'शक्तिमान', आणि साल अडुसष्ट. आबांनी खुर्ची मागितली. अशाच गाडीवर ते एकाहत्तरच्या लढाईत होते. बराच वेळ ते त्या पट्टीवर बोट फिरवत राहिले, मग एकदम मला म्हणाले की ब्रेकचं तेल आण, बसून काय राहिलीस.

आणि तेव्हाच पहिल्यांदा ते छापेचं बोलले होते. पट्टी स्क्रूची असते, ती कोणीही काढून दुसऱ्या गाडीला लावतो. खरा नंबर म्हणजे चासीच्या लोखंडात हातोड्यानं ठोकलेला. कागद त्यावर धरून वरून पेन्सिल घासायची की छाप उठते. काम सुरू करण्याआधी ती छाप घेऊन त्यावर सरकारी सही घेऊन ठेव, असं त्यांचं म्हणणं. मी काय म्हणाले ते तुम्हाला सांगितलंच आहे.

काम पंडित आणि दत्तूनं केलं. दत्तू त्यांच्या गावचा, पारोळ्याकडचा. लिंबायतला लूमवर जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. त्याच्या खात्याला, म्हणजे लूमच्या कारखान्याला, ज्या दिवशी सुटी असायची त्या दिवशी सकाळी सातला तो आमच्या दारात हजर. बोलणं कमी. मला वहिनी म्हणायचा आणि जेवायला बसला की भाकरी किती झाल्या ते हर्षदाला मोजायला लावायचा. तिला पाचच्या पुढे येत नव्हतं, त्यामुळे तो कायम पाचच भाकरी खायचा.

त्याच्या हाताची एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी पाहून ठेवली होती. कुठलाही भाग हातात आला की तो आधी अंगठा फिरवायचा. मागाच्या लोखंडाला केसाएवढा कंगोरा असला तरी धागा अडकतो, तार तुटते, कापडात दोष येतो. म्हणून जॉबरचा अंगठा लोखंडावर चालतो आणि जिथं टोचेल तिथं कानस चालते. कानशीनंतर पॉलिश पेपर. अंगठा न अडखळता सरकला की थांबायचं. ना आधी, ना नंतर. शक्तिमानचे नट-बोल्टसुद्धा तो असे गुळगुळीत करून ठेवायचा की पंडित चिडायचे, अरे, याच्यातून साडी काढायची आहे का.

त्या चार महिन्यांत ती गाडी उठली. इंजिन उतरवलं, उघडलं, धुतलं, बसवलं. ज्या सकाळी ते पहिल्यांदा चालू झालं त्या सकाळी काळ्या धुरानं कमलमावशींचं वाळवण गेलं आणि तरी त्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या. आबा ड्रायव्हरच्या सीटवर बसून नुसते आवाज ऐकत होते. म्हणाले, इंजिनाचे सहाच्या सहा सिलेंडर बोलतात.

मग हर्षदाचा हात कापला. बंपर काढलेला होता, ती पुढच्या बाजूला उभी राहून चासीला धरून वर चढायला बघत होती. तळहातावर दोन टाके. मी दवाखान्यातून आले ते तशीच दत्तूसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, भाऊजी, हिच्या डोक्याच्या उंचीपर्यंत जे जे टोचतं ते सगळं घासून टाका. एकही कंगोरा राहिला तर मी ही गाडी पेटवून देईन.

त्यानं घासलं. दोन सुट्या त्यानं त्यातच घातल्या. चासीच्या उजव्या तुळईच्या टोकाला, जुन्या रंगाच्या दाट थराखाली त्याच्या अंगठ्याला ओळीनं बारीक टेंगळं लागली, ठोकताना वर उठलेल्या कडांची. रंगामुळे अंक दिसत नव्हते, नुसतं टोचत होतं. त्यानं रंगासकट ती घासली, अंगठा सरकेपर्यंत, आणि वर लाल ऑक्साइडचा हात मारला. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यानं मला मुद्दाम तिथं हात लावून दाखवला. मी म्हटलं, आता कसं छान झालं.

मोटार तपासणीचे इन्स्पेक्टर गाडीच्या नोंदणीसाठी गुरुवारी आले. गुजराती, पन्नाशीचे, शर्टाच्या खिशाला भिंग लावलेले. गाडी बघून त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांनी आधी इंजिनाचा नंबर पाहिला. तो कागदाशी जुळला नाही. त्याचं त्यांना काही वाटलं नाही, इंजिन बदलतात, म्हणाले, चासी बघू. खाली बसून त्यांनी लाल रंग खरवडला. पुन्हा खरवडला. भिंग लावलं. मग उभे राहिले आणि रुमालानं हात पुसत पंडितला म्हणाले, "आ घसाई नथी गयो. कोईए घस्यो छे."

झिजला नाही, कोणीतरी घासला आहे. एवढं गुजराती आमच्या गल्लीत सगळ्यांना येतं. चासीचा नंबर घासतात ते चोरीच्या गाडीचा, हेही सगळ्यांना माहीत.

पंडितचा चेहरा मी आजही विसरलेली नाही. त्यांना काय झालं तेच कळत नव्हतं. कळलं ते दत्तूला. तो पुढे आला आणि म्हणाला की मी घासला साहेब. कोणी सांगितलं, असं इन्स्पेक्टरनी विचारलं. कोणी नाही, माझी सवय आहे, दत्तू म्हणाला. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मी, जिला सगळीकडे धार दिसते ती मी, हर्षदाला कडेवर घेऊन गप्प उभी राहिले. पोलीस, कोर्ट, पोरगी, असं काहीतरी डोक्यात फिरत होतं. तोंड उघडायला फार तर एक क्षण लागला असता.

इन्स्पेक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मंगळवारपर्यंत थांबतो म्हटलं. हीच ती लिलावातली गाडी, याचा लोखंडी पुरावा दाखवा. नाहीतर मला लिहून पाठवावं लागेल. गाडी जप्त होईल, आणि पुढचं पोलीस बघतील.

शुक्रवारी सकाळी पंडित लिंबायतला गेले. दत्तूची खाट रिकामी होती. खोलीतले सोबती म्हणाले, पहाटेच ट्रंक घेऊन गेला. भिवंडीला कुठल्यातरी लूमवर लागणार असं म्हणाला. आणि जाताना सांगून गेला की पोलीस आले तर सांगा, पंडितचा यात काही हात नाही, सगळं दत्तूनं केलं.

पंडितनी हे मला सांगितलं तेव्हा मी भांडी घासत होते. मी सगळं सांगून टाकलं, हाताला टाके पडल्याच्या दिवसापासून. ते ऐकत राहिले. रागावले नाहीत, तेच वाईट झालं. एवढंच म्हणाले, "त्याला माहीत होतं ना, तू बोलली नाहीस ते?" आणि बाहेर जाऊन गाडीच्या पायरीवर बसले.

माझ्या हातात माझ्या लग्नातलं स्टीलचं ताट होतं. आमच्याकडे आहेराच्या भांड्यांवर दुकानदाराकडून मशीननं नाव घालून घेतात, ठिपक्या-ठिपक्यांचं. माझ्या मामानं दिलेलं. घासून घासून वरच्या बाजूचं नाव पार गेलं होतं. ताट उलटं केलं, तर मागच्या बाजूला पुसट उमटलेलं सगळं नाव वाचता येत होतं. मी ते कितीतरी वेळा पाहिलं असेल. त्या दिवशी मात्र हात थांबला.

ठोकलेलं वरून जातं. आतून कसं जाईल?

दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात एक पाहुणे व्याख्यानाला आले होते. गुन्ह्यांच्या तपासाच्या प्रयोगशाळेतले. चोरीच्या सायकलींचे घासलेले नंबर ते परत आणत. लोखंडावर अंक ठोकला की नुसती खाच पडत नाही, खाचेखालचं लोखंडही दबतं, त्याची घडण बदलते. वरचं घासून टाका, दबलेलं आत राहतं. त्यावर तांब्याचा क्षार मिसळलेलं ॲसिड लावलं तर दबलेला भाग आणि बाकीचा भाग वेगवेगळे खाल्ले जातात आणि अंक वर येतो. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं, कारण परीक्षेला येईल असं वाटलं होतं. आलं नव्हतं.

मी तशीच ओल्या हातानं बाहेर गेले. पंडितना विश्वास बसला नाही. आबांना बसला. ते म्हणाले, फौजेत आम्ही खोडलेलंसुद्धा वाचायचो, तू आण काय आणायचं ते.

उधन्याला रंगाच्या केमिकलचं दुकान होतं, छगनभाईंचं. मी मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तेजाब, म्हणजे ॲसिड, मागितलं. बाथरूम धुवायची असेल तर दुसरं काहीतरी घ्या बेन, म्हणाले. मी त्यांना प्रयोग सांगितला. तेव्हा त्यांनी जाड काचेची बाटली, रबरी हातमोजे आणि केमिकलच्या कामाचा स्वतःचा चष्मा काढून दिला, आणि वर बजावलं की निकाल काय लागला ते येऊन सांगायचं, नाहीतर चष्मा परत घेणार नाही.

हर्षदाला मी कमलमावशींकडे दिलं आणि मावशींना सांगून ठेवलं की मी स्वतः आल्याशिवाय दार उघडायचं नाही. प्लॉटच्या टोकाला, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बसले. आधी सरावासाठी पंडितनी लोखंडाच्या एका पट्टीवर मला न दाखवता तीन आकडे ठोकले आणि आबांनी ते कानशीनं साफ उडवले. मी कापसाचा बोळा फिरवला. सगळी पट्टी तांब्यानं लाल झाली. अंक नाही, काही नाही, नुसती लाल. पंडित उठून उभे राहिले.

मी वहीतलं आठवायला लागले. तांबं लोखंडावर बसलं, म्हणजे ॲसिड कमी पडलं. तेजाब वाढवलं. पट्टी पुन्हा पॉलिश पेपरनं आरशासारखी केली. बोळा फिरवायचा, थांबायचं, पुसायचं, पुन्हा फिरवायचा. पाऊण तास गेला. मग पट्टीवर एक सावली आली. आधी मला वाटलं माझीच आहे. मी डोकं हलवलं, सावली हलली नाही.

"चार," मी म्हटलं. "एक. आणि... नऊ."

पंडित गुरुवारनंतर पहिल्यांदा हसले. त्यांनी तेच ठोकले होते. आबांनी आपली टोपी काढून हातात धरली. मला म्हणाले, "तू फौजमा पाहिजे व्हतीस."

मंगळवारी इन्स्पेक्टर आले. बरोबर एक फोटोग्राफर आणला होता, कारण पंडितनी सोमवारीच जाऊन विनंती करून ठेवली होती. ते जागेवर आले, हातात कागद, आणि मी हातमोजे घालायच्या आधी बोलले. चार दिवस मी ते वाक्य मनात घोळवत होते.

"साहेब, नंबर दत्तूनं घासला, पण माझ्या सांगण्यावरून. मुलीला टोचतं म्हणून मी सांगितलं होतं. तो गुरुवारी खोटं बोलला आणि मी गप्प बसले."

त्यांनी विचारलं, "हे लिहून द्याल?"

"आत्ता देते."

दिलं. सही केली. मग त्यांनी कागद उलटा करून आपल्या छातीशी धरला आणि म्हणाले, चला, तुमचं जादूचं दाखवा. जादू नव्हे, पण मी वाद घातला नाही.

तुळईवर काम करणं पट्टीपेक्षा अवघड होतं, कारण ती उभी. द्रव खाली ओघळायचा. आबांनी मेणाची बारीक भिंत करून दिली, आत द्रव थांबेल अशी. मी बोळा फिरवत राहिले. दहा मिनिटं. वीस. इन्स्पेक्टरनी दोनदा घड्याळ बघितलं. गल्लीतले लोक तारेपलीकडे उभे होते आणि कुणी खोकलं तरी मला राग येत होता. तीस मिनिटं झाली आणि मला दत्तूचं पॉलिश आठवलं. एखाद्यानं मशीन लावून घासलं असतं तर खोल गेला असता, दबलेलं लोखंडही उडालं असतं. दत्तू अंगठा सरकल्यावर थांबला होता. केसभरही पुढे गेला नव्हता. म्हणजे आत असायलाच हवं. मी नवा बोळा घेतला.

पहिला पाच आला. पाचाचं पोट आधी, मग वरची दांडी. त्याच्या शेजारी दोन. मग शून्य, स्वच्छ, भोपळ्यासारखं. मग सहा. पाचव्या जागी अर्धं काहीतरी आलं, तीन की आठ कळेना. इन्स्पेक्टर आता गुडघ्यावर होते, भिंग डोळ्याला, आणि कागद त्यांनी खाली मातीत ठेवून त्यावर स्वतःची वही ठेवली होती, आपल्यालाही दिसू नये म्हणून. ते म्हणाले, हा अंक अर्धाच राहिला तर गेलं. मी तिथं बोळा नुसता टेकवून ठेवला. डावीकडून एक बारीक रेघ वळत आली आणि वरच्या रेघेला जाऊन मिळाली. खालचीही मिळाली.

"आठ," इन्स्पेक्टर स्वतः म्हणाले.

शेवटचा तीन निर्विवाद होता.

ते तिथंच थांबलं असतं तरी पुरे होतं. पण तीनच्या पुढे अजून काहीतरी उमटत होतं. लहान, वेगळ्या ठशाचं. एक अक्षर आणि दोन आकडे. कागदावर नंबरापुढे असं काही नव्हतं. आबा वाकले आणि मोठ्यानं हसले. इन्स्पेक्टरांना त्यांनी हिंदीत, म्हणजे हुकमाच्या भाषेत सांगितलं की ही मोठ्या वर्कशॉपची खूण. गाडी तिथं गेली, पूर्ण उघडली, दुसरं इंजिन बसवलं, आणि वर्कशॉपनं आपलं अक्षर आणि साल ठोकलं. कागद बघा साब, मागच्या पानावर मरम्मतीचं साल असेल. इन्स्पेक्टरनी कागद उचलला, उलटवला. साल तेच होतं. न जुळणाऱ्या इंजिनाचाही खुलासा त्या लोखंडानंच केला होता.

फोटोग्राफरनं बारा फोटो काढले. इन्स्पेक्टरनी सहा अंक कागदाशी एक एक करून ताडले, पुन्हा उलटीकडून ताडले, आणि पेन खिशाला लावलं. नंबर पुन्हा ठोकून घेण्याचा हुकूम मिळेल, म्हणाले, माझी शिफारस आजच जाते. मग जाता जाता मला विचारलं, कुठल्या कॉलेजच्या. मी सांगितलं. ते म्हणाले, त्यांना कळवा.

तारेपलीकडे कोणीतरी शिट्टी मारली. कमलमावशींनी दार उघडलं, मी बजावलं होतं तरी. हर्षदा धावत आली आणि मी तिला दोन्ही हातांनी लांब धरलं, कारण मी हातमोजे काढले नव्हते. ती लांबूनच हसत होती. मी रडत होते. पंडितनी तिला उचलून इंजिनाच्या झाकणावर उभं केलं. मी त्या क्षणी पडेल, पडेल असं म्हणाले नाही. आयुष्यात तेवढं एकदाच म्हणाले नाही.

हुकूम तीन आठवड्यांत आला. तोच नंबर सरकारी माणसानं पुन्हा ठोकला. मी आणि आबांनी त्याची छाप घेतली, आणि ती आता आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर सिलेंडरच्या नंबरांशेजारी चिकटवलेली आहे. मी छगनभाईंचा चष्मा परत दिला. त्यांनी दुकानातल्या सगळ्यांना गोष्ट सांगायला लावली. आणि दिवाळीच्या आधी शक्तिमान कामरेजच्या चोकडीवर उभा राहिला, हिरवा, मागे क्रेन. पहिल्या दिवशी सिमेंटचा भरलेला ट्रक शेतात उतरला होता. त्याचा ड्रायव्हर म्हणाला, ही म्हातारी काय ओढणार. पंडितनी साखळी अडकवली, आबा स्टिअरिंगवर बसले, पहिला गिअर टाकला. चाकं जागेवर फिरली नाहीत, माती उडाली नाही. सिमेंटचा ट्रक नुसता मागे मागे येत राहिला, लग्नाला नाही म्हणणाऱ्या पण पाय चालणाऱ्या नवरीसारखा, आणि रस्त्यावर आला. त्या ड्रायव्हरनं शक्तिमानच्या बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला.

हे सगळं दत्तूला माहीत नाही.

आम्ही पारोळ्याला त्याच्या आईला कळवलं. तो तिकडेही गेलेला नाही. भिवंडीला पंडित दोनदा जाऊन आले. तिथं इतके लूम आहेत की माणूस शोधायचा म्हणजे ताग्यातून एक तार काढायची. एका खात्यात म्हणाले, होता असा एक, महिनाभर राहिला, मालेगावला गेला असेल, नाहीतर इचलकरंजीला. पोलिसाची गाडी दिसली की तो आत जाऊन बसायचा, असंही सांगितलं. ते ऐकून आल्यापासून पंडित त्याच्याबद्दल बोलत नाहीत. त्याच्या सुटीच्या दिवशी मात्र गाडीचं काम करत नाहीत.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही यातल्या कुठल्याही गावात असाल आणि तुमच्या ओळखीच्या कारखान्यात तिशीचा, सावळा, कमी बोलणारा, लोखंड हातात आलं की आधी अंगठा फिरवणारा जॉबर असेल, तर त्याला नाव विचारा. दत्तू म्हणाला तर सांगा की केस झालीच नाही. सांगा की वहिनीनं साहेबांसमोर खरं सांगितलं, उशिरा सांगितलं, पण सांगितलं. आणि तो जिथं थांबला तिथं थांबला म्हणून नंबर परत आला. त्यानं विश्वास ठेवला नाही तरी चालेल. तो वेळेवर जेवतो का, अंगावर दुखणं काढत नाही ना, रात्री नीट झोपतो का, तेवढं मात्र बघून या, आणि मला कळवा.